मेटाची साखर

“लोणी ठेवायला जागा नाही, हेरिंग माशांची बरणी ठेवायला जागा नाही, आणि बियरचं तर नावच काढू नका,” फ्रिजमध्ये डोकं खुपसून निस स्वतःशीच पुटपुटत होता. “सगळा फ्रिज बायकोच्या जेवणानं भरलाय. आणि बायको जेवत नाही.”

मी त्याच्यामागे हातभर अंतरावर बेसिनपाशी उभी होते, कोपरापर्यंत हात घासत. नळाच्या आवाजात मला ऐकू गेलं नसेल अशी त्याची समजूत. सव्वीस वर्षं मी लोकांच्या स्वयंपाकघरांत उभी राहून हात धुतेय. नळ सुरू असला की लोक खरं बोलतात, हे मला नर्सिंगच्या शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

“निस, वेगळा फ्रिज मंजूर झालाय,” मी म्हटलं.

तो दचकला. “फेब्रुवारीत झालाय, लोने. आता ऑगस्ट आहे. नगरपालिका तो चालत आणतेय का?”

त्याचा मुद्दा बरोबर होता, म्हणून मी हात पुसले आणि पिशवी बाहेर काढली.

पिशवी दोन लिटरची, दुधासारखी पांढरी. त्यात साखर, तेल, प्रथिनं, क्षार, सगळं मोजून घातलेलं. संध्याकाळी सातला ती मेटाच्या छातीतल्या नळीला जोडायची, सकाळी सातला काढायची. ऐंशी वर्षांची मेटा लॉरेन्सेन रात्रभर झोपेत जेवते. सकाळी उठून विचारते, “काय होतं काल?” आणि मी सांगते, “भाजलेलं डुक्कर आणि बटाटे.” तिला हा विनोद आवडतो की माझ्यासाठी ती हसते, ते मला अजून कळलेलं नाही.

हे सगळं तिच्या हृदयामुळे झालं. ते कित्येक वर्षं बेताल चालत होतं. कधी दोन ठोके एकदम, कधी एक गाळून. गेल्या नोव्हेंबरात त्यातून रक्ताची एक गुठळी सुटली आणि आतड्याला रक्त पोचवणाऱ्या नळीत जाऊन बसली. आतडं काळं पडलं. सर्जननं रात्रीत जे काढायचं ते काढलं. उरलं हातभर, तेही जागोजागी आवळलेलं. त्यातून भाताचं शीत गेलं तरी कळा येऊन माणूस गडाबडा लोळेल. पाण्याचे घोट आणि चघळायला बर्फाचा खडा, एवढंच तोंडाला.

“पुढे काय?” असं तिची मुलगी दोर्ते हिनं तेव्हा विचारलं होतं. सर्जन म्हणाला, “बघू.”

त्या एका शब्दावर हे घर नऊ महिने उभं होतं. एप्रिलमध्ये मेटाचा ऐंशीवा वाढदिवस होता, तो पुढे ढकलला. मेटा जेवायला लागली की करू. दोर्ते तर दर रविवारी दीड तास गाडी चालवत येणारी मुलगी. तिनं वसंतात येऊन स्वयंपाकघरातली कपाटं रिकामी केली. मैदा, साखर, सरबतं, वेलदोडे, बदाम, सगळं खोक्यांत भरून घेऊन गेली. डोळ्यांसमोर नको, आईला त्रास होतो. निस आपली राय ब्रेड आणि लिव्हरची पेस्ट गॅरेजमध्ये खायला लागला, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कागद पसरून. मी एकदा त्याला तसं पाहिलं. त्यानं तोंडातला घास गिळला नाही, बाहेरही काढला नाही. मी “चाकाची हवा कमी दिसतेय” म्हणाले आणि निघून आले.

फाईलच्या दुसऱ्या पानावर तळाला लिहिलेलं आहे: तोंडाने आहार कायमचा बंद. मी ते डिसेंबरातच वाचलं होतं. दोर्तेला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन सांगितलं होतं. निस तेव्हा शेजारीच उभा होता, हातात टोपी घेऊन. आणि तरी आम्ही सगळे दर आठवड्याला म्हणायचो, “बघू.”

साखरेची गोष्ट ऑगस्टात सुरू झाली.

पिशवीत साखर भरपूर असते, आणि ती सरळ रक्तात जाते. म्हाताऱ्या शरीराला ते झेपेलच असं नाही. चढली की हृदयावर ताण येतो, नळीत जंतू वाढतात. उतरली तर त्याहून वाईट, बेताल हृदयाला तो धक्का सोसत नाही. म्हणून संध्याकाळी पिशवी जोडण्याआधी आणि सकाळी काढताना बोट टोचून साखर मोजायची. आमच्या मापात सहा-सात म्हणजे छान. दहापर्यंत चालतं. पंधराच्या पुढे गेलं तर हॉस्पिटलला फोन.

मेटाची संध्याकाळी सहाच्या आसपास असायची. साहजिकच आहे. सकाळी सातला पिशवी काढलेली, दिवसभर पोटात काही नाही, चढणार कुठून? आणि एका मंगळवारी मशीन म्हणालं, सतरा.

मी दुसरी पट्टी घातली. स्पिरिटच्या बोळ्यानं बोट पुसलं, टोचलं. साडेसोळा.

“मेटा, बरं वाटतंय ना?”

“मला काय झालंय? तूच पांढरी पडलीस.”

ती नेहमीसारखी खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली. स्वच्छ ॲप्रन, केस विंचरलेले, हात मांडीवर. बोटांची टोकं तेवढी लालसर आणि राठ. वय झालं की कातडीचं असं होतं, असं मी मनाशी म्हटलं. मनाशी आपण काहीही म्हणतो.

बुधवारी सहा. गुरुवारी अठरा. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार सहा. मंगळवारी पुन्हा सतरा.

मंगळवारी आणि गुरुवारी निस दुपारी तीनला ग्रामसभागृहात पत्ते खेळायला जातो आणि साडेसहाच्या पुढे परत येतो. एवढं गणित मला येतं. ते माझ्या दोन सहकारी बायकांनाही येत होतं, आणि दोर्तेलाही. नवरा घराबाहेर पडला की म्हातारी खाते. पण आमच्याकडे असं तोंडावर विचारत नाहीत. आमच्याकडे हवामानाविषयी बोलतात.

“यंदा ऊन बरं आहे,” दोर्ते आईला म्हणाली, आणि कपाटं पुन्हा एकदा तपासली.

डॉक्टर स्कोवनं मला फोनवर विचारलं, “ती खाते का?” हा हॉस्पिटलातला तरुण डॉक्टर, हुशार, आणि हुशार माणसांसारखा घाईत.

“मी पाहिलेलं नाही,” मी म्हटलं. वाक्य खरं होतं आणि भित्रंही.

त्यानं पिशवीत इन्शुलिन घालायला सांगितलं. थोडंसं. पुढच्या आठवड्यात मंगळवार-गुरुवारचे आकडे तसेच, म्हणून आणखी थोडं. मग आणखी. सकाळचे आकडे उतरत गेले. पाच, साडेचार, चार. आम्हाला आनंद झाला. कोणाला तरी ते खटकायला हवं होतं.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी पावणेसातला मी आत गेले तेव्हा मेटा घामानं निथळत होती. मला ओळखत होती, पण माझं नाव तिला सापडत नव्हतं. साखर दोन पूर्णांक तीन. मनगटावर बोटं ठेवली तर नाडी म्हणजे पत्र्याच्या डब्यात वाटाणे उडावेत तशी. मी पंप थांबवला, नळीतून साखरेचं पाणी चढवलं, ॲम्ब्युलन्स बोलावली. निस झोपेतल्या कपड्यांत दाराशी उभा. पोरं झाल्यापासून तो बायकोला ‘आई’ म्हणतो, आमच्याकडच्या जुन्या नवऱ्यांसारखा. “आई,” तो म्हणत होता, “आई, डोळे उघडे ठेव.”

चार दिवस ती हॉस्पिटलात होती. तिथं इन्शुलिन बंद केलं, पिशवी तीच ठेवली. संध्याकाळी साखर सहा, सकाळी आठ. ठोके पुन्हा जागेवर आले, म्हणजे तिच्या हिशेबानं जागेवर.

डॉक्टर स्कोवला यातून एकच अर्थ दिसला, आणि खरं सांगायचं तर मलाही. हॉस्पिटलात चोरून खायला मिळत नाही, साखर ठीक. घरी मिळतं, साखर वर. तो मेटाच्या पलंगाशी बसला आणि सौम्यपणे म्हणाला, “घरची ट्रीटमेंट विश्वासावर चालते, मेटा.”

“मी खात नाही,” मेटा म्हणाली. एकदाच. तिला दोनदा सांगायची सवय नाही.

ठरलं असं: दोन आठवडे घरी, इन्शुलिनशिवाय. संध्याकाळची साखर पुन्हा चढली तर तिला शेजारच्या शहरातल्या नर्सिंग होममध्ये हलवायचं. तिथं चोवीस तास माणूस लक्ष ठेवायला. दोर्तेनं खोली बघूनही ठेवली होती. “खिडकीतून झाड दिसतं, आई,” ती म्हणाली.

“कसलं?”

“झाडच. मोठं आहे.”

“निस कुठं झोपणार?”

यावर दोर्तेनं पर्समध्ये किल्ली शोधली.

मेटा आणि निस अठ्ठावन्न वर्षं एका खोलीत झोपलेत. पंपाचा आवाज होतो म्हणून आम्ही निसला दुसरी खोली सुचवली होती. तो म्हणाला होता, “मी आधी गायींच्या गोठ्यावर झोपायचो.”

दोन आठवड्यांतला पहिला मंगळवार सुट्टीमुळे माझा नव्हता; सहकारी बाईनं सतरा आकडा लिहून ठेवला आणि खाली काहीच लिहिलं नाही. तो अजून हॉस्पिटलला कळवला नव्हता. गुरुवारी माझा साडेतीनचा पेशंट दातांच्या डॉक्टरकडे गेला होता, तेव्हा मी चारलाच लॉरेन्सेनांच्या अंगणात गाडी लावली. पकडायला गेले होते, दुसरं काही नाही. तिला पकडून, चार शब्द सुनावून, आकडा पोचवायच्या आत काही करता आलं तर बघावं.

आमच्या गावात दारं कोणी लावत नाही. खुर्ची रिकामी. झोपायची खोली रिकामी. मी कपाटं उघडली, आणि उघडताना मला माझीच लाज वाटली. ताटं होती, कप होते, मीठ होतं. खाण्यासारखं काही नाही. मग मागच्या दारातून वास आला. गरम लोणी, साखर, थोडे वेलदोडे. कुंपणाच्या झुडपांत एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट पडलेली, खालची माती पावलांनी गुळगुळीत. त्या फटीपलीकडे क्रिस्टाचं स्वयंपाकघर.

क्रिस्टा मेटाची शेजारीण, बहात्तरची, जाड चष्मा, मोठा आवाज. तिला स्वयंपाकातलं फारसं येत नाही हे अख्ख्या गावाला माहीत आहे. तिनं दार उघडलं, मला पाहिलं आणि ओरडली, “मेटा! पोलीस!”

मेटा स्टुलावर बसली होती, भट्टीसमोर. समोर लांब दांड्यांचा लोखंडी साचा. ती साच्यात चमचाभर पीठ ओतत होती, दाबत होती, उघडत होती. आत कागदासारखी पातळ, सोनेरी चकती. ती चकती ती उघड्या बोटांनी उचलायची आणि लाकडी दांडीवर दोन झटक्यांत गुंडाळायची. थंड व्हायच्या आत गुंडाळली नाही तर तुटते. गोरान म्हणतात त्याला. डेन्मार्कमधल्या आमच्या दक्षिण युटलंडमध्ये कॉफीचं टेबल मांडायचं तर सात मऊ केक आणि सात कडक बिस्किटं लागतात, कमी चालत नाहीत. प्रत्येक घराकडे एक वस्तू ठरलेली. ग्रामसभागृहात चाळीस वर्षं गोरान मेटाचे.

“रविवारी सुगीचं टेबल आहे,” मेटा माझ्याकडे न बघता म्हणाली. “एकशेवीस लागतात. थांब, हा जळेल.”

“गावात सगळ्यांना वाटतं, हे मी केलेत,” क्रिस्टा म्हणाली. “मला लोक रेसिपी विचारतात गं. मी म्हणते, घराण्याचं गुपित आहे. परवा पाद्रीणबाई म्हणाल्या, क्रिस्टा, तुझा हात उशिरा का होईना, पण वळला.”

“तुझा हात नाही, जीभ वळलीय,” मेटा म्हणाली.

मी उभी होते. पंधरा मिनिटं मी फक्त मेटाचं तोंड बघत होते. नर्सला तेवढं येतं. एक गोरान तुटला. तिनं तुकडे बाजूच्या ताटलीत टाकले. बोटांना पीठ चिकटलं, ते तिनं ओल्या फडक्याला पुसलं. जीभ ओठांवरूनसुद्धा फिरली नाही.

“चव नाही घेत?” मी विचारलं.

“चव मी पूर्वीही घेत नव्हते,” ती म्हणाली. “वासावरून कळतं. आणि आता घेऊन करू काय? कळा तुला येणार आहेत?”

“ती बोट चाटत नाही,” क्रिस्टा म्हणाली. “मी डोळ्यांत तेल घालून बघते. चाटलं असतं तर मीच तुम्हाला फोन केला असता. मला काय मैत्रीण मारायचीय?”

बोट. क्रिस्टा ते सहज बोलून गेली. मी मेटाच्या हातांकडे पाहिलं.

“मेटा, हात धुता ना तुम्ही? संध्याकाळी, मी यायच्या आधी?”

क्रिस्टा माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मी मेटाच्या आईचं नाव घेतलं. आमच्या भागात एखाद्या बाईला हात धुतेस का असं विचारणं म्हणजे तिच्या घरात उंदीर आहेत म्हणण्यासारखं. मेटाच्या खिडक्यांच्या काचा दर शनिवारी पुसलेल्या असतात. तिचे ॲप्रन इस्त्री केलेले असतात. दहा महिन्यांत आम्ही तिघींपैकी एकीनंही तिला म्हटलं नव्हतं, बोट टोचायच्या आधी साबणानं हात धुवा. नियमात पहिल्या ओळीत आहे ते. मी नवीन मुलींना शिकवते ते. पण मेटाला कसं सांगायचं? स्पिरिटचा बोळा फिरवला की आम्हाला बरं वाटायचं.

“बोटं पोळलेली असतात,” मेटा हळूच म्हणाली. “साबण झोंबतो. मी फडक्याला पुसते. आणि निस यायच्या आत परत जायचं असतं, पळत. माझ्या वयात पळते मी, लोने.”

मी पिशवीतून मशीन काढलं. तिचं बोट धरलं, स्पिरिटनं पुसलं, टोचलं. सतरा पूर्णांक चार.

मग तिला बेसिनपाशी नेलं. कोमट पाणी, साबण. ती तोंडानं हवा आत ओढत होती, झोंबत होतं तिला. मी तिचं एकेक बोट माझ्या हातात धरून धुतलं, नखांच्या कडा, टोकांवरच्या भेगा, जिथं साखरेचा पाक शिरून बसतो आणि स्पिरिट त्याला फक्त भिजवतं. बोटं कोरडी केली. दुसरं बोट टोचलं.

पाच पूर्णांक आठ.

क्रिस्टानं चष्मा वर केला, मशीन बघितलं, खाली केला. “म्हणजे साखर बाहेरून होती.”

“बाहेरून होती,” मी म्हटलं.

“आणि औषध आतून दिलं.”

ती मोठ्यानं बोलते. मी मशीन पिशवीत ठेवलं. तिच्या रक्तात साखर नव्हतीच आणि आम्ही ती उतरवत होतो, आठवड्यामागून आठवडे, ते हृदय वाटाण्यासारखं उडायला लागेपर्यंत. यात डॉक्टरची चूक कमी होती. त्याला आकडे आम्ही दिले होते.

मेटा स्टुलावर परत बसली. साचा थंड होत होता. “निसला सांगू नकोस,” ती म्हणाली.

“सांगावं लागेल. नाही तर तुम्ही त्या झाडाच्या खोलीत जाल.”

“सांगितलंस तर दोर्ते हा साचा घेऊन जाईल. क्रिस्टाच्या घरातून घेऊन जाईल, तिला ओळखत नाहीस. आईला त्रास होतो.” तिनं शेवटचं वाक्य मुलीच्या आवाजात म्हटलं, हुबेहूब. “मला त्रास होतो तो रिकाम्या कपाटांचा. मी उठते, कपाट उघडते, आत ताटं. सगळी माझ्याकडे बघतात.”

“त्यांना सांगा ना असं.”

“तू सांगितलंस का?” ती म्हणाली. “तुलाही बरंच काही माहीत आहे. दुसऱ्या पानावर.”

फाईल तिच्याच घरात, तिच्याच टेबलाच्या खणात असते. ती वाचत नाही असं आम्ही धरून चाललो होतो, का कोण जाणे.

“मग तुम्ही का नाही बोलत?” मी शेवटी विचारलं.

“निसला वाटतं, मी बरी होणार,” ती म्हणाली. “त्याला ते हवंय. माझ्याकडे त्याला द्यायला आता दुसरं काय आहे?” आणि मग, “क्रिस्टा, भट्टी वाढव. अजून चाळीस राहिलेत.”

शुक्रवारी अकराला आम्ही मेटाच्या स्वयंपाकघरात बसलो. दोर्ते ऑफिस सोडून आली होती. डॉक्टर स्कोव फोनवर, फोन टेबलाच्या मध्यावर फुलदाणीला टेकवून. निस टोकाला. कॉफी मी केली, कारण बाकी कोणी या घरात आता करत नाही. ती घेतली मात्र कोणीच नाही, मेटासमोर कशी घ्यायची म्हणून. कपांवर साय धरली.

मी सांगितलं. जसं झालं तसं, मंगळवार, गुरुवार, साचा, फडकं, दोन आकडे. आमची चूक होती हेही सांगितलं, माझं नाव घेऊन.

“हात धुतले नव्हते?” डॉक्टर स्कोव म्हणाला.

“आम्ही धुवायला सांगितले नव्हते.”

“दहा महिने?”

“दहा महिने.”

मग त्याचा आवाज बदलला, घाई गेली त्यातली. “मीही विचारलं नाही,” तो म्हणाला. “सकाळचे आकडे खाली येत होते. मला दिसत होते ते. मेटा, मी तुमच्या विश्वासाबद्दल बोललो होतो. मला ते परत घ्यायचंय.”

“घे,” मेटा म्हणाली. “तू लहान आहेस.”

इन्शुलिन बंदच राहील. नर्सिंग होम नाही. हृदयाचा ईसीजी महिन्यातून एकदा काढायचा, साखर हात धुऊन मोजायची. मला वाटलं, झालं. दोर्तेनं मान खाली घातली होती, ती रडत असावी असं मला वाटलं. तिनं डोकं वर केलं तेव्हा ती लाल झाली होती, रागानं.

“म्हणजे तू कुंपणातून सरपटत जात होतीस,” ती आईला म्हणाली. “पोळून घेत होतीस. नळी छातीत घेऊन. कशासाठी? गावातल्या बायकांना बिस्किटं मिळावीत म्हणून? मी इथून साखरेचा कण न् कण काढला, तुला वास येऊ नये म्हणून मी स्वतः गाडीत बसून सँडविच खाते, आई, पार्किंगमध्ये! आणि तू क्रिस्टाकडे दिवसभर त्याच वासात!”

“छान वास असतो,” मेटा म्हणाली.

“मी कुठं नाही म्हणतेय? थोडं थांब म्हणतेय. तुझं पोट ताळ्यावर येऊ दे. तू जेवायला लागलीस की मी सगळं परत आणीन. साचा, मैदा, सगळं. वाढदिवस करू, चौदा केक करू. फक्त तोवर धीर धर ना. हो की नाही, डॉक्टर?”

फोन खाकरला. “ते... तसं आपण...” डॉक्टर स्कोव म्हणाला, “बघू.”

मी कपातल्या सायीकडे बघायला लागले. दोर्तेनं खिडकीकडे पाहिलं. मेटानं ॲप्रनची घडी सरळ केली आणि निसकडे पाहून हसली, आश्वासक, जशी ती दहा महिने हसत होती.

निस आतापर्यंत एक शब्द बोलला नव्हता. तो बोलेल असं कोणाला वाटलंही नव्हतं.

“गोरान मी ऑगस्टातच ओळखले,” तो म्हणाला. “सभागृहात. पहिलाच घास घेतला आणि कळलं. क्रिस्टा जन्मात असं गुंडाळू शकत नाही, तिला चादरीची घडी येत नाही.”

“निस!” मेटा म्हणाली.

“म्हणून तर मी साडेसहाच्या आत घरी येत नाही. पत्ते पाचलाच संपतात. दीड तास मी सायकल घेऊन बांधावर बसतो.” त्यानं टोपी टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली. “साखर चढली तेव्हा वाटलं, खात असेल एखादा कोपरा. म्हटलं, खाऊ दे. तिथं चुकलो. मी बोलायला हवं होतं.”

“बाबा, तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही—”

“थांब, दोर्ते. तू पण थांब, आई, आता हसू नकोस.” तो फोनकडेही वळला, जणू डॉक्टर खुर्चीवर बसलाय. “तुम्हीही. त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये मी तिथंच होतो. माझे कान चांगले आहेत.”

त्याचा हात टेबलावरून मेटाच्या हातापर्यंत गेला, त्या पोळलेल्या बोटांवर थांबला, दाबला नाही.

“तुझी आई आता कधीच जेवणार नाही, दोर्ते,” तो म्हणाला. “कधीच.”